पासबुकातली दोन अक्षरं

माझा पगार होतो तेव्हा घरात कोणाला काही कळत नाही. मोबाईल टुणकन वाजतो, अमुक इतके जमा झाले असा मेसेज येतो, मी चहा गाळता गाळता तो वाचते आणि गाळणी धुवायला घेते. जमा झाले म्हणजे हातात काही आले असं नाही. खातं उणे एक लाख सत्त्याऐंशी हजारावर होतं, ते उणे एक लाख तेहतीस हजारावर आलं, एवढंच. मग फ्लॅटचा हप्ता, औषधं, किराणा, वीजबिल, आणि महिनाअखेर गाडी पुन्हा होती तिथे. चार वर्षं मी पगार असा पाहिलाच नव्हता. तो यायचा आणि खड्ड्यात पडायचा.

या खड्ड्याला बँकेत ओडी म्हणतात. ओव्हरड्राफ्ट. चार वर्षांपूर्वी यजमानांच्या छातीत कळ आली आणि दोन स्टेंट टाकावे लागले. ते एमआयडीसीत एका कारखान्यात स्टोअरकीपर होते, आजारपणात नोकरी गेली ती गेलीच, पेन्शनचा तर प्रश्नच नाही. मी एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क. त्या वेळी नेमका दोन महिन्यांचा पगार अडला होता. बँकेतल्या पोरीने मला समोर बसवून पाणी पाजलं आणि म्हणाली, "मॅडम, हे लोन नाही आहे, फॅसिलिटी आहे. दोन लाखाचं लिमिट. वापराल तेवढ्याचंच व्याज. पगार आला की आपोआप भरल्या जाते." मला ते "आपोआप" फार आवडलं होतं. सहा महिन्यांत मोकळी होते म्हटलं. मोकळी होते, कपाळ माझं! दरवर्षी मार्चमध्ये मी त्या पोरीसमोर बसते, ती नवा कागद पुढे करते, मी सही करते. पोरीचं मधल्या काळात लग्न झालं, तिला बाळ झालं. माझा आकडा तेवढा तिथेच.

हे कोणाला सांगायचं? यजमानांना माहीत होतं. मुलगी पुण्याला नोकरी करते, तिला पूर्ण आकडा सांगितला नव्हता. आणि बाबांना तर काहीच नाही.

बाबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर आमच्याकडे प्रताप नगरला राहायला आले, त्याला आता तीन वर्षं होतील. उमरेडला त्यांनी जन्मभर हातमागावर लुगडी विणली. शाळा चौथीपर्यंत. मराठी वाचतात, इंग्रजी आकडे येतात, इंग्रजी अक्षरं येत नाहीत. शहरात त्यांना करायला काही नव्हतं. टीव्ही आवडत नाही, बागेतले म्हातारे जोरजोरात हसतात ते आवडत नाही. मग त्यांनी स्वतःच एक काम शोधून काढलं. चौकातल्या बँकेत पासबुक भरायचं मशीन बसलं होतं. आठवड्यातून दोनदा, नऊ वाजता धुतलेला सदरा घालून, कापडी पिशवीत स्वतःचं आणि माझं पासबुक टाकून बाबा निघायचे. वीस मिनिटांच्या वाटेला त्यांना चाळीस लागायची. पासबुक कोणत्या बाजूने सारायचं, पट्टी कुठे यायला पाहिजे, हे त्यांना इतकं पाठ झालं की बाकीच्यांनाही तेच शिकवू लागले. गार्ड त्यांना खुर्ची द्यायचा. बँकेत त्यांना सगळे काका म्हणतात हे ते मला दोनदोनदा सांगायचे.

माझं पासबुक नेतात याकडे मी लक्षच दिलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचा वेळ जातो, जाऊ दे. मग एका महिनाअखेरीला मी ऑफिसातून थकून आले, चपला काढते न काढते तोच बाबांनी दिवाणावरून हाक मारली.

"एक लाख ब्याऐंशी हजार," ते म्हणाले. "पंधरा दिवसांत चौदा हजारानं वाढले. शाबास वं बाई!"

मला आधी समजेचना. मग त्यांच्या मांडीवरचं माझं पासबुक दिसलं. आकड्यापुढे दोन बारीक इंग्रजी अक्षरं असतात, डी आणि आर. डी आर म्हणजे तुम्ही बँकेचं देणं लागता. बाबांच्या पासबुकात सी आर असतं, म्हणजे बँक त्यांचं देणं लागते. बाबांच्या लेखी दोन्हीकडे नुसती दोन अक्षरं होती, बँकेची काही खूण असेल म्हणून सोडून दिलेली. आकडा तेवढा खरा. आणि तो वाढत होता.

मी सांगायला तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं. पण त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू. तीस वर्षं मी नोकरी केली. प्राचार्य बदलले, कोणी मला कधी शाबास म्हटलं नाही. चूक झाली की मात्र शिपायाला पाठवून बोलावणं. यजमान चांगले आहेत, पण त्यांच्या तोंडून कौतुक निघायला मुहूर्त लागतो. आणि हे माझे बाबा, ज्यांनी मी दहावीत वर्गात दुसरी आले तेव्हा "पहिली कोण आली?" एवढंच विचारलं होतं, ते मला शाबास म्हणत होते. मी म्हटलं, "हात धुऊन येते बाबा," आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

तिथून ते सुरू झालं. महिनाभर मी जितका जास्त खर्च करायची तितका आकडा वाढायचा, आणि बाबा तितके खूश. गॅस संपला, बाबा खूश. यजमानांची रक्ततपासणी झाली, बाबा खूश. एक तारखेला पगार जमा झाला की आकडा चोपन्न हजारांनी खाली यायचा आणि ते कासावीस व्हायचे.

"बँकवाल्याईनं कापले वं तुहे पैसे! मी जाऊन भांडतो."

खरंच भांडायला गेले. गार्ड भला माणूस. त्याने पासबुक न उघडताच सांगितलं, "काका, ताईनं कुठं गुंतवले असतील. आजकाल सगळे पहिल्या तारखेलाच गुंतवतात." बाबा घरी आले ते छाती काढूनच. आपली पोरगी पैसा जमवते आणि वर गुंतवतेही!

व्याजाचं तर विचारू नका. महिन्याच्या शेवटी बँक माझ्याकडून व्याज घेते आणि तेही त्या आकड्यातच वाढवते. बाबांनी ते बरोबर हेरलं. "माह्या खात्यात तीन महिन्यांत दीडशे रुपये व्याज येते," ते एकदा जेवताना म्हणाले, "अन् तुले महिन्यालेच सोळाशे! माह्यं खातंही तुह्यासारखं करून दे न वं."

यजमानांना ठसका लागला. मी त्यांच्या पाठीवर जरा जास्तच जोरात थापट्या मारल्या आणि म्हटलं, "त्याला पगार लागतो बाबा. पगारदारांनाच मिळतं ते." हे एक वाक्य मात्र शंभर टक्के खरं होतं.

रात्री यजमान म्हणाले, "अवं, सांगून टाक त्यांना. किती दिवस हे नाटक करशील?"

"तुम्ही सांगा."

"मी जावई आहे."

"मग गप बसा."

मला खोटं बोलायची हौस नव्हती. पण खरं सांगायलाही अंगात जोर लागतो. सकाळी साडेपाचला उठायचं, डबे, बस, ऑफिस, परत आल्यावर कुकर. त्यात बसून म्हाताऱ्या बापाला समजावून सांगायचं की तुमची लेक पार बुडालेली आहे? उद्या सांगू, असं रोज म्हणत राहिले. दोन वर्षं गेली.

मग उमरेडच्या घराचा सौदा आला. दोन खोल्या, मागे मागाची खोली, वर टिनाचं छप्पर. आई गेल्यापासून कुलूपच होतं. माझा धाकटा भाऊ सावनेरला स्कूल व्हॅन चालवतो, त्यालाही तिकडे राहायचं नव्हतं. शेजारच्यानेच घर मागितलं. खर्चवेच जाऊन बाबांच्या हाती चार लाख वीस हजार येणार होते. बाबांनी आम्हा दोघांना एकदमच सांगितलं, "अर्धं लेकीले, अर्धं लेकाले. मले कोणाचं काही ऐकायचं नाही."

मी लगेच म्हटलं, "मला काय करायचे बाबा? त्यालाच द्या."

आता हे आमच्याकडे म्हणावंच लागतं. माहेरच्या पैशाला लेकीने पहिल्या झटक्यात हो म्हटलं तर चार लोक नावं ठेवतात. जेवताना दुसरी पोळी वाढायला आले की आपण ताटावर हात आडवा धरतो, तसंच ते. वाढणारा आग्रह करतो, आपण नको नको म्हणतो, तो वाढतो, आपण खातो. पोळी नको असते असं नाही, भूक लागलेलीच असते. बाबा म्हणाले, "चूप बस, तुह्या हक्काचं हाये." मी पुन्हा म्हटलं, "खरंच नको बाबा." ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, झालं, रीत पूर्ण झाली.

कारण मला ते पैसे हवे होते. हवे होते म्हणजे कसे, तर मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात जुन्या लिफाफ्याच्या पाठीमागे गणित मांडलं. दोन लाख दहा हजारातून एक लाख सत्त्याऐंशी वजा. तेवीस हजार उरतात. मी ते तेवीस तीनदा काढून पाहिलं, जसं काही वजाबाकी बदलणार होती. मग रजिस्ट्री होईपर्यंतचे दोन महिने मी त्या लिफाफ्यावर काढले. मार्चमध्ये त्या पोरीसमोर बसायचं नाही. एक तारखेला खात्यात चोपन्न हजार येतील आणि ते चोपन्न हजारच असतील. काही घ्यायचं नव्हतं मला, ना सोनं ना साडी. नुसतं शून्यावर उभं राहायचं होतं. बसमध्ये बसल्या बसल्या या विचाराने माझे डोळे भरून यायचे, इतकी मी थकले होते.

यजमान म्हणाले, "बाबांना एकदा स्पष्ट विचारून घे."

"स्वतःच्या तोंडाने पैसे मागू? लाज नाही वाटणार?"

"ओडी घेताना नाही वाटली."

"ती तुमच्या छातीसाठी घेतली होती," मी म्हटलं. असं बोलायला नको होतं.

बाबांच्या खात्यात पैसे आले त्यानंतरच्या रविवारी भाऊ आला. मी पाटोडी रस्सा केला होता, त्याला आवडतो. भाऊ थोडा वाळलेला दिसत होता. त्याची व्हॅन जुनी झाली होती, आरटीओ पासिंग द्यायला तयार नव्हतं, आणि शाळेने सांगितलं होतं की नवी गाडी आणा, नाहीतर दुसरा माणूस पाहू. जेवताना तो याच्याबद्दलच बोलत होता, पण पैशाबद्दल चकार शब्द काढला नाही. जेवणं झाल्यावर बाबांनी पिशवीतून चेकबुक काढून माझ्यापुढे ठेवलं.

"तुह्यं अक्षर चांगलं हाये. तू भर, मी सही करतो."

मी पेन घेतला. तारीख घातली. बाबांनी आधी भावाचं नाव सांगितलं, ते लिहिलं. लहान आहे, आधी त्याचा असू दे.

"आकडा?" मी विचारलं.

"चार लाख वीस हजार."

"बाबा, दोघांचं मिळून तेवढं आहे. याच्या चेकवर दोन लाख दहा..."

"मले समजते न वं, एवढा काही म्हातारा नाही झालो. पूर्ण त्याच्याच नावानं लिही."

मी पेन धरून बसले. बाबा समजावून सांगू लागले, अगदी मायेनं. "मी लय इचार केला. त्याच्याजवळ काही नाही. गाडी गेली तं पोट्टे उपाशी राहतीन. तुह्याजवळ देवाच्या दयेनं पावणेदोन लाख नगद पडून हाये, वरून तू गुंतवून राहिली, व्याज येऊन राहिलं. अन् तू सोताच दोनदा म्हणाली, मले नको. तू काही खोटं बोलणारी पोरगी नाही."

भाऊ खाली मान घालून म्हणाला, "ताई, मी मागितले नाही बरं का. बाबांनीच काल फोन केला."

यजमान खुर्चीतून अर्धे उठले. मी त्यांच्याकडे पाहिलं तसे परत बसले. मी "रुपये" पुढे "चार लाख" एवढं लिहिलं. खरंच लिहिलं. तीस वर्षांची सवय, कोणी सांगितलं की लिहायचं. आणि मग हात थांबला आणि माझं डोकं फिरलं.

"माझ्याजवळ दमडी नाही बाबा!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्यांचा टीव्ही बंद झाला. "तो आकडा उणे आहे. तेवढं मला बँकेला द्यायचं आहे. तुम्ही दोन वर्षं माझं कर्ज वाचून मला शाबास म्हणताय!"

बाबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं नव्हतं. "पण त्याच्यात तं वाढून राहिले..."

"कर्ज वाढून राहिलं. मी खर्च केला की ते वाढतं. पगार आला की कमी होतं."

"अन् व्याज?"

"मी देते. दर महिन्याला."

तरी त्यांच्या डोक्यात ते उतरेना. बँकेत ठेवायला जातात, काढायला जातात, नसलेले पैसे काढता येतात हे त्यांना कोणी सांगितलं असतं? शेवटी मी म्हटलं, "बाबा, उचल आहे ती. उचल."

हा शब्द मी टाळायला हवा होता. विणकर सेठकडून कापडाच्या आधी पैसे घ्यायचे, त्याला उचल म्हणायचे. एकदा घेतली की पुढचं सगळं कापड त्या सेठचंच, मजुरी तो म्हणेल ती. बाबांच्या वडिलांचा माग असाच उचलीत गेला होता. बाबांनी जन्मात उचल घेतली नाही. आईच्या बाळंतपणात घेतली नाही, माझ्या लग्नात घेतली नाही, आम्ही अर्धपोटी राहिलो पण घेतली नाही. घरात आम्ही हा शब्द शिवीसारखाच ऐकला होता.

त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी दोन्ही पासबुकं मागितली, शेजारी शेजारी ठेवली आणि माझ्या आकड्यापुढच्या अक्षरांवर बोट ठेवलं.

"हे दोन अक्षरं?"

"हो."

"एवढेसे?"

"हो बाबा."

मग ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मी तिथं सांगून राहिलो न वं. गार्डले, त्या खिडकीवरच्या बाईले. माह्या पोरीच्या खात्यात किती हाये ते. खिडकीवरच्या बाईले तं दिसत असन न? ते काहून काही बोलली नाही?"

मला रडू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम. राग कोणाचा ते अजून सांगता येत नाही. त्या बाईचा नव्हे, तिने बिचारीने माझी अब्रूच राखली होती.

"फाड तो चेक," बाबा म्हणाले. "दोन लिही. पहिले सांगतलं होतं तसे."

इथे मी मोठेपणा करायला हवा होता, असं पुष्कळांना वाटेल. राहू द्या बाबा, त्याची गाडी येऊ द्या, माझं मी बघीन. भाऊ समोर बसला होता, त्याच्या हातातली सुपारी तशीच राहिली होती. पण मी मोठेपणा केला नाही. चेक फाडला, दोन लिहिले, दोन लाख दहा आणि दोन लाख दहा. दोन्हींवर बाबांनी सही केली. भावाने आपला चेक खिशात घातला, चहा नको म्हणाला. दारात चप्पल घालताना एवढंच बोलला, "ताई, आधी सांगायचं न. मी गाडीवाल्याले काल हो म्हणून आलो." त्याचं बरोबर होतं. दोन वर्षांत एक दिवसही मला आधी सांगता आलं नाही.

त्याने उरलेल्या पैशाचं कर्ज काढलं आणि गाडी घेतली. म्हणजे कर्ज काही मिटलं नाही, आमच्याकडून उठून सावनेरला राहायला गेलं. राखीला आला, ओवाळणी घातली, पोरांच्या ट्रिपा आहेत म्हणून लवकर निघाला. मला वाईट वाटलं. पण पैसे परत द्यावेत असं एकदाही वाटलं नाही, खोटं कशाला बोलू. चेक जमा झाला त्या दिवशी मोबाईलवर तेवीस हजारांचा आकडा आला, त्याच्या अलीकडे उण्याची आडवी रेघ नव्हती. मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन तो चारदा पाहिला. त्या रात्री मी आठ तास झोपले. पुढच्या एक तारखेला पगार आला आणि चार वर्षांत पहिल्यांदा तो मला पूर्ण दिसला.

बाबा मात्र बँकेत जायचे बंद झाले. गुडघे दुखतात म्हणाले. भाजी आणायला जाताना दुखत नव्हते. पिशवी खुंटीला, सदरा घडी करून ठेवलेला. दिवसभर दिवाणावर बसून राहायचे, यजमानांनी वर्तमानपत्र दिलं तर धरायचे. मी घरी आले की "आली का वं?" एवढंच. सुटका माझी झाली होती आणि घरात सुतक पडल्यासारखं होतं. शेवटी मीच एक दिवस चिडून म्हटलं, "तुमच्या पासबुकात घराच्या पैशाची नोंद पडली की नाही ते तरी बघून या." दोन-तीन दिवसांनी गेले. दुपारच्या वेळी गेले, गार्ड जेवायला जातो तेव्हा.

आता ते आकडा वाचून दाखवत नाहीत. पासबुक माझ्या हातात देतात, अक्षरांच्या खाली नख ठेवतात आणि विचारतात, "पाह्य बरं, हे आपले हायेत का त्याईचे?" मी त्यांना डी आणि सी दाखवले, एकदा नाही चारदा. ते म्हणतात, "मांगचं अक्षर सारखंच हाये, समोरचं मले ध्यानात राहत नाही." ज्यांनी लुगड्याच्या काठातला एक चुकलेला धागा चार हातांवरून ओळखला, त्यांना एक अक्षर ध्यानात राहत नाही? त्यांचा स्वतःवरचा विश्वासच उडाला, आणि तो मी ओरडून उडवला. तीन महिने मी खरं उत्तर दिलं, आणि खरं उत्तर चांगलंही होतं. आपले आहेत बाबा. आपलेच.

मग डॉक्टरांनी यजमानांची पुन्हा अँजिओग्राफी करायला सांगितली. सोसायटीच्या बोअरची मोटर जळली, तिची वर्गणी. आणि अनुदान आलं नाही म्हणून पगार तीन आठवडे पुढे गेला. लिमिट बंद कर, असं यजमान म्हणाले होते. मी केलं नव्हतं. असू दे, अडीअडचणीला, असं म्हणून ठेवलं होतं. मंगळवारी ऑफिसात मेसेज आला. अकरा हजार सहाशे, अलीकडे ती आडवी रेघ. मला आश्चर्य वाटलं नाही, रागही आला नाही. नुसती पाठ दुखायला लागली.

घरी आले तर बाबा पासबुक घेऊन बसलेले. पाणीही पिऊ दिलं नाही, पुढे केलं. नख अक्षरांच्या खाली होतं. डी आर. छपाई चांगली ठळक होती.

"हे आपले हायेत का त्याईचे?"

यजमानांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. मी पासबुक हातात घेतलं, खिडकीकडे नेलं, जसं काही मला नीट दिसत नव्हतं.

"आपले, बाबा."

त्यांनी पासबुक परत घेतलं, मांडीवर उघडलं आणि कित्येक महिन्यांनी मोठ्याने वाचलं, "अकरा हजार सहाशे." मग माझ्याकडे बघून हसले.

"थोडे हायेत वं बाई. पण आपले हायेत."